बर्गंडीचं राज्य बुडालं त्याचं खापर क्लोटिल्ड राणीच्या माथी का?

निळी शाई

गेले दोनतीन महिने फ्रँक आणि बर्गंडियन राजघराण्यांबद्दल वाचतेय. इसवी सन ४८० ते ५५० च्या आसपासचा काळ, आजचा फ्रान्स आणि स्वित्झर्लंडचा पश्चिमेकडचा भाग, रोमची सत्ता तिथून उठलेली आणि जर्मॅनिक लोकांचे राजे रोमन शहरांत बसून राज्य करतायत. त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्गंडियनांचा राजा गुंडिओक, त्याला चार मुलगे: गुंडोबाद, गोडेगिसेल, किल्पेरिक आणि गोडोमार. तूरचा बिशप ग्रेगरी (सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रँकांचा इतिहास लिहिणारा) लिहितो की गुंडोबादने सख्ख्या भावाला, किल्पेरिकला, तलवारीने मारलं, त्याच्या बायकोला गळ्यात दगड बांधून पाण्यात बुडवलं आणि त्यांच्या दोन पोरींना दूर धाडून दिलं. थोरली क्रोना नन झाली. धाकटी क्लोटिल्ड. तिला फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने मागणी घातली, काकाची नाही म्हणायची छाती झाली नाही आणि ४९३ च्या सुमारास लग्न लागलं. ती कॅथलिक, नवरा जुन्या देवांना मानणारा, त्याला ख्रिस्ती करण्यात तिचा मोठा वाटा. क्लोव्हिस ५११ ला गेला, काका गुंडोबाद ५१६ ला गेला. आणि मग म्हणे ५२३ मध्ये या विधवा राणीने आपल्या मुलांना जवळ बोलावून सांगितलं की मी तुम्हाला मायेने वाढवलं याचा मला पस्तावा होऊ देऊ नका, माझ्या आईबापाच्या मरणाचा बदला घ्या. मुलं निघाली, गुंडोबादचा मुलगा सिगिसमंड गादीवर होता त्याला धरलं आणि बायकोपोरांसकट ऑर्लेआंच्या बाजूला एका विहिरीत टाकलं. ५३४ पर्यंत बर्गंडीचं राज्य संपलंच.

आता माझं म्हणणं. हा सूड मला अजिबात पटत नाही. काका चांगला २३ वर्षं जिवंत होता तिच्या लग्नानंतर, तेव्हा राणीचा सूड कुठे होता? ५०० साली क्लोव्हिसने बर्गंडीवर स्वारी केली ती कोणाच्या बोलावण्यावरून? गोडेगिसेलच्या. म्हणजे एका काकाच्या बाजूने दुसऱ्या काकाविरुद्ध, आणि त्या सगळ्या हकिगतीत ग्रेगरी स्वतःच क्लोटिल्डच्या आईबापाचं नावसुद्धा काढत नाही. पुढे ५०७ ला क्लोव्हिसने व्हिसिगॉथांवर (दक्षिण फ्रान्स आणि स्पेनकडचे, तेही जर्मॅनिकच) चाल केली तेव्हा तर हाच गुंडोबाद त्याच्या बाजूने उतरला, बर्गंडियन फौज आर्लच्या वेढ्यापर्यंत गेली. ज्याने सासूच्या गळ्यात धोंडा बांधला त्याच्याशी जावयाची युती, आणि बायको गप्प. आणि खुनी मेल्यावर सात वर्षांनी अचानक रक्त उसळलं?

मला वाटतं मुलांना जमीन हवी होती. आईचं नाव नंतर चिकटवलं गेलं. एक अख्खं राज्य तीन तरुण राजे गिळतात आणि इतिहास बोट दाखवतो ते तूरच्या चर्चमध्ये प्रार्थना करत बसलेल्या बाईकडे, याचा मला मनापासून राग येतो.

कोकणकडा

निळी शाई ताई, राग समजतो पण मुद्दा पटला नाही, अगदी मुळातून.

पहिली गोष्ट, २३ वर्षं हा काही पुरावा नाही. त्या समाजात रक्ताचं देणं शिळं होत नसे, ते बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून तर गुंडोबाद मेला तरी सिगिसमंड उरतोच. आणि क्लोटिल्डच्या बाजूने बघा ना, लग्न झालं तेव्हा ती परक्या दरबारात आलेली पोरकी मुलगी, भाऊ नाही, बाप नाही, नवऱ्याच्या फौजेवर तिचा हुकूम चालत नव्हता. नवऱ्याला ज्या वर्षी गुंडोबाद शत्रू म्हणून सोयीचा त्या वर्षी शत्रू, ज्या वर्षी मित्र म्हणून सोयीचा त्या वर्षी मित्र. तिच्या हातात काही आलं असेल तर ते मुलं मोठी झाल्यावर. थोरला क्लोडोमेर ५२३ ला तिशीच्या आत, स्वतःची गादी, स्वतःची माणसं. बाई थांबली असेल तर योग्य वेळेसाठी थांबली असं का म्हणू नये?

दुसरी गोष्ट ग्रेगरी. त्याला सरसकट गोष्टीवेल्हाळ म्हणून मोडीत काढायची फॅशन झालीय. पण ग्रेगरी बिशप कुठला, तूरचा. क्लोटिल्डने वैधव्य कुठे काढलं, तूरला, संत मार्टिनच्या चर्चपाशी. ती ५४४ ला वारली, ग्रेगरी ५७३ ला तिथे बिशप झाला. मध्ये फक्त २९ वर्षं. तिला डोळ्यांनी पाहिलेली, तिच्या हातून दान घेतलेली म्हातारी माणसं त्या गावात असणारच. शिवाय त्याचा आईकडचा पणजोबा, तोही ग्रेगरीच, आधी ओतँचा काउंट आणि मग लांग्रचा बिशप, म्हणजे गुंडोबाद आणि सिगिसमंड दोघांच्याही राज्यात मोठ्या हुद्द्यावर बसलेला माणूस. घरातच बर्गंडीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला आपण दीड हजार वर्षांनी सांगायचं की तुला माहीत नाही?

आणि तो क्लोटिल्डला साध्वी मानतो, तिची स्तुती करताना थकत नाही. ज्या बाईबद्दल इतका आदर तिच्या तोंडी तो खोटं सुडाचं वाक्य घालेल कशाला?

सांजवेळ

शेवटच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर देते. कारण ग्रेगरीला सूड म्हणजे पाप वाटतच नव्हतं. आईबापाचा बदला मागणं त्याच्या दृष्टीने लेकीचं कर्तव्य होतं, म्हणून ते वाक्य तिच्या तोंडी घालताना आपण तिची बदनामी करतोय असं त्याच्या मनातही आलं नसेल. आपल्याला ते डाग वाटतं, त्याला ते भूषण वाटलं असेल.

निळी शाई

सांजवेळ, अगदी हेच म्हणायचं होतं मला, थँक यू.

कोकणकडा दादा, पणजोबांचा मुद्दा वजनदार आहे, मी तो लिहून घेतला. पण मग त्याच काळातला, प्रत्यक्ष गुंडोबादच्या दरबारात ऊठबस असलेला माणूस काय म्हणतो ते पण बघा. अ‍ॅव्हिटस, व्हिएनचा बिशप (ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना नव्हे, हे रोन नदीवरचं, ल्योंच्या खाली). गुंडोबादची मुलगी वारली तेव्हा अ‍ॅव्हिटसने त्याला सांत्वनाचं पत्र लिहिलं ते आजही आहे. त्यात तो राजाला म्हणतो की पूर्वी तुम्ही तुमच्या भावांच्या मरणावर किती मायेने रडला होतात. भावांच्या, अनेकवचन! ज्याने भावाला तलवारीने कापलं आणि भावजयीला बुडवलं त्याला कुठला शहाणा बिशप असं लिहील? गुंडोबाद एरियन पंथाचा (ख्रिस्तीच, पण कॅथलिक चर्च ज्याला पाखंड मानायचं तो पंथ), अ‍ॅव्हिटस कॅथलिक, त्याला राजाची मर्जी सांभाळायची होती. मर्जी सांभाळणारा माणूस जखमेवर बोट ठेवत नाही, तो विषयच टाळतो. म्हणजे किल्पेरिक साध्या दुखण्याने गेला असणार किंवा लढाईत, आणि खुनाची कथा नंतर फ्रँकांच्या बाजूला तयार झाली.

शिवाय सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या इतिवृत्तात याच गोष्टीला किती फांद्या फुटल्यात बघा, क्लोव्हिसचा माणूस भिकाऱ्याच्या वेषात अंगठी घेऊन येतो, राणी बर्गंडीची हद्द ओलांडताना मागची गावं जाळायला लावते. शंभर वर्षांत एवढी वाढू शकते ती गोष्ट आधीच्या ऐंशी वर्षांत वाढली नसेल का?

कोकणकडा

ताई, अ‍ॅव्हिटसचं ते पत्र तुमच्या बाजूचं नाही, माझ्या बाजूचं आहे. जरा सविस्तर लिहितो कारण हा प्रसंग फार लोकांना माहीत नसतो.

५०० साली दिजोंजवळ उश नदीच्या काठी लढाई झाली, गोडेगिसेल ऐनवेळी फ्रँकांना जाऊन मिळाला, गुंडोबाद हरला आणि थेट आव्हिन्योंला पळाला. गोडेगिसेल विजयी होऊन व्हिएनमध्ये जाऊन बसला. गुंडोबादने फौज जमवून व्हिएनला वेढा दिला. आत धान्य संपत आलं तेव्हा गोडेगिसेलने गरीब लोकांना शहराबाहेर काढलं, म्हणजे खाणारी तोंडं कमी होतील. त्या बाहेर काढलेल्यांमध्ये एक माणूस होता ज्याच्याकडे शहराला पाणी आणणाऱ्या रोमन कालव्याची देखभाल होती. तो इतका संतापला की सरळ गुंडोबादकडे गेला आणि म्हणाला चला मी वाट दाखवतो. पुढे हा, मागे लोखंडी पहारी घेतलेली माणसं, कालव्याच्या पोटातून आत, वरच्या झरोक्यावर मोठा धोंडा होता तो पहारींनी उचकटला आणि शहराच्या मधोमध बाहेर आले. गोडेगिसेल एरियन चर्चमध्ये लपला आणि तिथेच मारला गेला.

हा भाऊ तर गुंडोबादच्याच माणसांनी मारला, याबद्दल कोणाचंच दुमत नाही. आणि तरी अ‍ॅव्हिटस लिहितो की तुम्ही भावांसाठी रडलात. हे पत्र त्या प्रसंगानंतरचं धरलं तर त्या भावांमध्ये गोडेगिसेलही आला. मग हे रडणं म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला कसा? पुढची ओळ तर अजून भयंकर आहे, त्यात अशा अर्थाचं आहे की राज्याचं भलं व्हायचं होतं म्हणून राजवंशातली माणसं कमी होत गेली. हे सांत्वन नाही ताई, ही भाऊबंदकीत जिंकलेल्या राजाची बिशपने करून दिलेली सोय आहे.

रोनकाठ

मी सात वर्षं स्वित्झर्लंडमध्ये राहते, नाव त्यावरूनच घेतलंय. तुमच्या वादात मला तिसऱ्याच माणसाबद्दल बोलायचंय, कारण दोघंही गुंडोबाद आणि क्लोटिल्डमध्ये अडकलात आणि विहिरीत पडलेला माणूस बाजूलाच राहिला.

सँ मोरिसला मी तीनदा गेलेय. लोझानहून मार्तिन्यीकडे जाणारी गाडी, आधी डोळे दिपवणारं तळं आणि मग दरी एकदम चिंचोळी होत जाते, दोन्ही बाजूचे डोंगर रोन नदीवर येऊन टेकतात आणि त्या चिमट्यात हा मठ, पाठीला उभा कातळ. सिगिसमंडने ५१५ मध्ये तो उभारला, बाप जिवंत असतानाच. २०१५ ला त्याला दीड हजार वर्षं झाली आणि तिथे आजही धर्मगुरू राहतात, मध्ये कधी बंद पडला नाही. कातळाच्या पायथ्याशी जुन्या चर्चचे पाये उघडे करून ठेवलेत, एकावर एक, एका चर्चच्या पोटात दुसरं. आणि खजिन्याच्या खोलीत एक चांदीची पेटी आहे, बाराव्या शतकातली, नाव काय तर संत सिगिसमंडच्या मुलांची पेटी. त्या पेटीपुढे मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पोटात गोळा आला. मुलांची. विहिरीतल्या मुलांची.

पण या राजाने स्वतः काय केलं होतं? त्याची पहिली बायको ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकची मुलगी, म्हणजे इटलीच्या मालकाची. तिच्यापोटी मुलगा सिगेरिक. ती गेली, सिगिसमंडने दुसरं लग्न केलं. एका सणाच्या दिवशी सिगेरिकने सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईची वस्त्रं बघितली आणि तिला म्हणाला की ही घालायची तुझी लायकी नाही, ही तुझ्या मालकिणीची आहेत. झालं, तिने नवऱ्याचे कान भरले की पोरगा तुझं राज्य घेणार आणि आजोबांचं इटलीही घेणार. दुपारी जेवून, दारू पिऊन मुलगा झोपला होता, दोन नोकरांनी त्याच्या मानेखालून फडकं सरकवलं, गाठ मारली आणि दोन्हीकडून ओढलं. बाप लगेच पस्तावला, प्रेतावर पडून रडला, मग या मठात येऊन उपास आणि प्रार्थना. साल ५२२.

आता बघा, निळी शाई, तुम्हाला हवं ते कारण इथे आहे. थिओडोरिकचा नातू मारला गेला म्हणजे बर्गंडीच्या पाठीवरचा इटलीचा हात गेला. त्यानंतर काही महिन्यांत उत्तरेकडून फ्रँक उतरतात आणि दक्षिणेकडून थिओडोरिकचा सेनापती तुलुइन येऊन लढाई न करताच मोठा मुलूख घेतो. एकाच वर्षी दोन्ही बाजूंनी. क्लोटिल्डने इटलीलाही निरोप धाडला होता का? राजाने स्वतःच्या हाताने घराची भिंत पाडली आणि शेजारी आत शिरले, इतकं सरळ आहे हे.

सांजवेळ

रोनकाठ, पेटीचं वाचून गलबलून आलं. त्या विहिरीतून त्यांना बाहेर काढलं कधी?

रोनकाठ

दहाबारा वर्षांतच, त्याच मठाच्या प्रमुखाने माणसं पाठवून देह सँ मोरिसला आणवले. मग लोक त्याला संत मानायला लागले, तापाने फणफणलेले लोक त्याच्या नावाने प्रार्थना करवून घ्यायचे, हे ग्रेगरीनेच लिहून ठेवलंय. चौदाव्या शतकात बोहेमियाच्या राजाने, चौथ्या चार्ल्सने, त्याच्या अस्थी प्रागला नेल्या.

जुनं पान

वय झालंय त्यामुळे टायपिंग हळू आहे, सगळं वाचून मगच लिहितोय.

निळी शाई, तुमच्या बाजूने दोन गोष्टी तुम्ही स्वतःच मांडायला हव्या होत्या त्या मी मांडतो, आणि मग तुमच्या विरोधात जातो.

पहिली, आव्हाँशचा बिशप मारियुस. ग्रेगरीच्याच काळातला, जुन्या बर्गंडियन मुलखातला. त्याची बखर फार तुटक, वर्षाला ओळ दोन ओळी. त्यात ५२२ ला सिगेरिकचा खून, ५२३ ला सिगिसमंडला त्याच्याच बर्गंडियन लोकांनी फ्रँकांच्या हाती दिलं, साधूच्या वेषात नेलं आणि बायकोमुलांसह विहिरीत टाकलं, असं सगळं आहे. क्लोटिल्ड नाही. सूड नाही. स्वतःच्या माणसांनी पकडून दिलं, हे वाक्य फार बोलकं आहे.

दुसरी, कारेतेने नावाची राणी ५०६ मध्ये ल्योंला वारली. तिच्या थडग्यावरचा लेख हस्तलिखितात उरलाय. बरेच अभ्यासक तिला गुंडोबादची बायको मानतात, पण ती किल्पेरिकची बायको, म्हणजे क्लोटिल्डची आईच, असंही काहींनी मांडलंय. ते खरं असेल तर गळ्यातला धोंडा आणि पाणी दोन्ही उडून जातं.

आता विरोध. या घराण्यात रक्ताच्या नावाने लढाई पेटवणं ही रोजची रीत होती, ते विसरून चालणार नाही. क्लोटिल्डची मुलगी, तिचंही नाव क्लोटिल्ड, स्पेनकडच्या व्हिसिगॉथ राजाला, अमालारिकला दिलेली. ती चर्चला निघाली की नवरा तिच्यावर शेण फेकायला लावायचा, शेवटी इतकं मारलं की तिने आपल्या रक्ताने भिजलेलं फडकं भावाला, चिल्डेबर्टला पाठवलं. आणि भाऊ फौज घेऊन गेला, ५३१ ला. मुलीने जे केलं ते आईने केलंच नसेल हे तुम्ही कशावरून ठरवता?

आणि तो कात्रीचा प्रसंग. बर्गंडीच्या स्वारीत ५२४ ला व्हेझरोन्सच्या लढाईत क्लोडोमेर मारला गेला, त्याची तीन पोरं आजीने, क्लोटिल्डनेच वाढवायला घेतली. चिल्डेबर्ट आणि क्लोथार या दोन काकांना भीती की ही पोरं वाटा मागतील. त्यांनी आजीला निरोप दिला, मुलांना पाठव, गादीवर बसवायचंय. आजीने आनंदाने जेवू घालून पाठवलं. मग आर्केडियस नावाचा माणूस तिच्यासमोर आला, एका हातात कात्री, दुसऱ्यात उपसलेली तलवार. लांब केस ही त्या राजवंशाची खूण, केस कापले की राजा होण्याचा हक्क गेला. म्हणजे प्रश्न असा, पोरं मुंडलेली हवीत की मेलेली? आणि आजी म्हणाली की गादीवर बसणार नसतील तर मुंडलेली बघण्यापेक्षा मेलेली बघेन. थोरला दहा वर्षांचा, धाकटा सात. ही बाई राजरक्ताचा अभिमान जिवापेक्षा मोठा मानणारी होती. तिला गरीब गाय करून तुम्ही तिच्यावर उपकार करत नाही.

निळी शाई

जुनं पान काका, मारियुसचं मला खरंच सुचायला हवं होतं. कारेतेनेबद्दल तर पहिल्यांदाच ऐकतेय.

पण कात्रीच्या प्रसंगाचा असा वापर मला सहन होत नाही, माफ करा. ग्रेगरी पुढे काय लिहितो तेही सांगा ना. तो म्हणतो ती हादरली होती, दुःखाने कडवट झाली होती, आपण काय बोलतोय ते तिला कळत नव्हतं. आणि आर्केडियस तिला विचार करायला क्षणभरही न देता परत पळाला आणि तिकडे जाऊन सांगितलं की राणीची संमती आहे. संमती! क्लोथारने थोरल्याला जमिनीवर आपटलं आणि काखेत सुरी खुपसली. धाकट्याने चिल्डेबर्टच्या गुडघ्यांना मिठी मारली, तो रडायला लागला, भावाला म्हणाला याला सोड, तर क्लोथार म्हणतो हे तूच सुरू केलंस, आता मागे सरतोस? आणि त्यालाही मारलं. तिसरा, क्लोडोआल्ड, कोणीतरी उचलून पळवला, त्याने पुढे स्वतःच्या हाताने केस कापले आणि पाद्री झाला, पॅरिसजवळचं सँ क्लू हे गाव त्याच्याच नावाचं. करणारे दोन पुरुष, पोरं मारणारे हात त्यांचे, आणि आपण चर्चा काय करतोय तर आजीने एका वाक्यात काय म्हटलं. माझा पहिल्या पोस्टमधला राग नेमका याचाच आहे, बर्गंडीच्या बाबतीत तेच झालं.

रक्ताच्या फडक्याचं म्हणाल तर चिल्डेबर्ट बहिणीला सोडवायला गेला आणि येताना काय घेऊन आला? साठ सोन्याची पात्रं, पंधरा तबकं, शुभवर्तमानाच्या वीस सोन्याच्या पेट्या. बहीण वाटेतच वारली. लूट मात्र घरी पोचली.

आणि अजून एक. क्लोव्हिसचा थोरला मुलगा थ्यूडेरिक (इटलीचा थिओडोरिक वेगळा) हा क्लोटिल्डचा मुलगा नव्हताच, आधीच्या बाईचा. त्याला क्लोटिल्डच्या आईबापाचं काय पडलेलं? उलट सिगिसमंडची मुलगी त्याची बायको, म्हणजे विहिरीत गेलेला माणूस त्याचा सासरा. तरी ग्रेगरी सांगतो की क्लोडोमेरने मदत मागितल्यावर त्याने येतो म्हणून कबूल केलं. ५३४ ला वाटणी झाली तेव्हा त्याच्या मुलाने, थ्यूडेबर्टने, रीतसर आपला हिस्सा घेतला. ज्यांचा त्या सुडाशी काडीचा संबंध नाही ते पंगतीला बसलेले आहेत. मग सूड हे कारण कसं?

कोकणकडा

थ्यूडेरिकचा मुद्दा मान्य. मी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. त्याला कारण जमीनच होती आणि इतरांनाही होती, क्लोडोमेरची गादी ऑर्लेआंला, बर्गंडी त्याच्या कुंपणालाच लागून, सगळ्यात जास्त फायदा त्याचा होता. रोनकाठ यांचं ५२२ चं पण मान्य, वेळ का साधली त्याचं उत्तर तिथे आहे.

पण एवढं मान्य करूनसुद्धा मी माझ्या जागेवर आहे. विहीर बघा. नुसती जमीन हवी असती तर सिगिसमंडला कोंडून ठेवता आलं असतं, केस कापून मठात टाकता आलं असतं, तो तर आधीच साधूच्या कपड्यात होता. मिसीचा मठाधिपती, त्याचंही नाव अ‍ॅव्हिटस, क्लोडोमेरला बजावून सांगत होता की यांना मारू नकोस, मारलंस तर तुझंही तेच होईल. ऐकलं नाही. बायको आणि पोरंसुद्धा, आणि पाण्यात. किल्पेरिकच्या बायकोला पाण्यात बुडवलं होतं अशी गोष्ट त्या घरात सांगितली जात असेल, खरी असो वा खोटी, तर ही विहीर त्या गोष्टीला दिलेलं उत्तर आहे. त्या मुलांना कोणीतरी ती गोष्ट लहानपणापासून सांगितली होती. कोणी सांगितली असेल?

सांजवेळ

हे वाचून अंगावर काटा आला. पण दादा, हे उलटंही असू शकतं ना, की विहिरीची घटना आधी सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याशी जुळवून आईच्या गळ्यातला धोंडा मागाहून रचला गेला.

जुनं पान

सांजवेळ, हा प्रश्न चांगला आहे आणि मी त्यावर आज रात्री उत्तर देणार नाही.

निळी शाई, तुमचा राग मला कळला, कात्रीचा अर्धाच भाग सांगितला ही माझी चूक. तरी गरीब गाय म्हणायला मी अजून तयार नाही. त्या दोन पोरांचे देह तिने स्वतः तिरडीवर ठेवून, स्तोत्रं म्हणत, पॅरिसच्या संत पीटरच्या चर्चमध्ये नेऊन पुरले, क्लोव्हिसला पुरलं होतं तिथेच. ५४४ ला तूरमध्ये ती गेली तेव्हा तिचा देह त्याच चर्चमध्ये आणला गेला. आणणारे दोघं मुलगे, चिल्डेबर्ट आणि क्लोथार.

निळी शाई

हो, ते वाचलंय काका. ते वाचूनच हा धागा काढला.